परड्यात डेक घालताय? लाकूड मातीला टेकू देऊ नका

गेल्या श्रावणात आमच्या परड्यातल्या लाकडी डेकचा एक कोपरा आईच्या पायाखालीच खचला. घोट्यावर निभावलं, नशीब. वरून डेक चकाचक, पॉलिश मारून वर्षही झालं नव्हतं. फळ्या उचकटल्या तेव्हा कळलं, खालचे खांब जमिनीलगत इतके कुजलेले की पेचकस नुसता दाबला तरी आत जाई. खड्डे काढून खांब मातीत पुरले होते आणि भोवती काँक्रीट ओतलं होतं. मजबुतीसाठी! त्या काँक्रीटच्या वाटीत पाणी साचत राहिलं.

म्हणून दुसऱ्या खेपेला ‘तरंगता’ डेक केला. नावावर जाऊ नका, पाण्याशी त्याचा संबंध नाही. तो घराच्या भिंतीला जोडायचा नाही आणि जमिनीत पुरायचाही नाही, नुसत्या ठोकळ्यांवर टेकवायचा. नवीन काही नाही यात. जुन्या वाड्यांतले सागवानी खांब दगडी तळखड्यावरच उभे असतात, मातीत नाही.

खरं काम खालीच आहे. वरची चार ते सहा इंच माती काढा, घराकडून बाहेर थोडा उतार ठेवा, खडी पसरून धुम्मसाने चांगली चोपा. खानापूर, चंदगडकडच्या तांबड्या मातीत एवढं पुरतं. बेळगावच्या पूर्वेकडची काळी जमीन मात्र पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि ठोकळे वरखाली होतात. तिथे जास्त खोल खणून खडीचा थर वाढवा. इंदूर, बडोद्याकडच्या वाचकांनीही हे ध्यानात ठेवावं.

दहा बाय बारा फुटांचा डेक धरू. दहा फुटी वासे सोळा-सोळा इंचांवर, म्हणजे दहा वासे. प्रत्येकाखाली तीन टेकू, म्हणजे तीस सॉलिड ब्लॉक. सगळे एका पातळीत आणायला गवंड्याची पाणी भरलेली पारदर्शक नळी बेस्ट. ब्लॉक आणि लाकूड यांच्यामध्ये तारफेल्टचा तुकडा ठेवा, कारण काँक्रीट ओल वर ओढतं. जांभ्याचा चिरा वापरलात तर तो आणखी ओढतो. लाकूड जमिनीपासून निदान सहा इंच उंच हवं आणि भिंतीपासून एक-दोन इंच लांब. भिंतीला चिकटवलं की तिथे पालापाचोळा अडकतो, ओल धरते, मग वाळवी थेट घरात.

फळ्यांमध्ये पाच-सहा मिलिमीटर फट ठेवा. सुतार म्हणेल, ‘फट कशाला, घट्ट बसवतो की!’ ऐकू नका. साधे खिळे गंजतात आणि सागावर काळे डाग पाडतात, तेव्हा स्टेनलेसचे स्क्रू घ्या, आधी ड्रिलने भोक पाडून. गोव्याच्या किनाऱ्यालगत ३१६ ग्रेडच. पाणी सर्वांत जास्त पितात ती फळीची कापलेली टोकं. तेल तिथे दोनदा पाजा, भले वर एक हात कमी पडला तरी चालेल. गाडीचं जळकं ऑइल मात्र नको, विहीर जवळ असेल तर मुळीच नको.

लाकूड साग परवडला तर उत्तम, नाहीतर पक्की मत्ती. सीमा ओलांडून आणणार असाल तर पावतीसोबत वनखात्याचा वाहतूक परवानाही मागून घ्या. नाक्यावर टेम्पो अडला की सागापेक्षा महाग पडतो. डब्ल्यूपीसीच्या फळ्यांना वाळवी लागत नाही, पण एप्रिलच्या उन्हात त्यावर अनवाणी उभं राहून दाखवा. शिवाय त्यांना वासे बारा इंचांवर लागतात.

आणि साप. बुटक्या डेकखालची कोरडी जागा उंदरांना आवडते, उंदरांमागून तो येतोच. चारी बाजूंना बारीक जाळी मारा. फळ्या ठोकू नका, वारं बंद होईल. दोन फळ्या स्क्रू काढून उचलता येतील अशा ठेवा, आत बघायला.

यंदा मृगाआधी आम्ही त्या दोन फळ्या काढून बॅटरी मारली. एका ब्लॉकवर वाळवीची मातीची बोटभर रेघ चढलेली, वाशापर्यंत पोचायची होती. झाडून टाकली, आता दर महिन्याला बघतो. आई अजून डेकवर येत नाही. शेजारच्या धुण्याच्या दगडावर बसून चहा घेते.