मंडळी मोडली, इमारत उभीच राहिली
(लेखमाला : धर्मसंस्था कशा घडतात – भाग ६)

मागच्या भागात टॉमस हेल्विसला आपण न्यूगेटच्या तुरुंगात सोडले होते. राजाची सत्ता प्रजेच्या आत्म्यावर चालत नाही, असे पुस्तक १६१२ मध्ये छापून ते थेट पहिल्या जेम्स राजाच्या हाती पडावे अशी तजवीज करणारा हा गृहस्थ. इंग्लंडच्या भूमीवरची पहिली बाप्टिस्ट मंडळी त्याचीच. आज पावणेदोनशे वर्षे ओलांडून १७९० मध्ये येऊ, लेस्टर गावातल्या हार्वे लेनमधल्या एका लहानशा मंडळीकडे. तिच्या पाळकाने त्या वर्षी एक विलक्षण गोष्ट केली. मंडळीच बरखास्त करून टाकली.

पाळकाचे नाव विल्यम कॅरी. मराठीचे छापील व्याकरण (१८०५) आणि मोडी अक्षरांतला मराठी-इंग्रजी कोश (१८१०) ज्याच्या नावावर आहेत, तोच. आपल्याकडे तो भाषेच्या इतिहासात भेटतो, म्हणून त्याच्या आधीच्या आयुष्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. तो चपला-बूट शिवणारा कारागीर होता, फावल्या वेळात शिकलेला आणि बाप्टिस्ट रीतीने घडलेला. ही रीत समजल्याशिवाय १७९० चा प्रकार निव्वळ तऱ्हेवाईकपणा वाटेल.

१६८९ च्या कायद्याने बाप्टिस्टांना उघडपणे उपासना करायची मुभा मिळाली होती, पण मुभा म्हणजे बरोबरी नव्हे. ऑक्सफर्डचा दरवाजा त्यांना बंद होता. लग्न लावायचे तर राजमान्य चर्चमध्येच जावे लागे. कॅरीचे लग्नही १७८१ मध्ये पिडिंग्टनच्या गावच्या चर्चमध्ये लागले. नवरी डॉरथी हिला लिहिता येत नव्हते, त्यामुळे तिथल्या नोंदवहीत तिच्या नावापुढे फुलीची खूण आहे.

राजमान्य चर्चमध्ये माणूस जन्मतःच दाखल होई. त्या गावात जन्मलात की तान्हेपणी डोक्यावर पाणी पडे आणि तुम्ही त्या चर्चचे. बाप्टिस्टांचा मूळ आक्षेप इथेच होता. ज्याला काही कळत नाही त्याचा बाप्तिस्मा कसला? त्यांच्याकडे जाणत्या वयात, स्वतः मागणी करून, सर्वांगाने पाण्यात बुडून बाप्तिस्मा घ्यायचा. त्याआधी उमेदवाराने सगळ्या सभासदांपुढे उभे राहून आपला विश्वास कसा जागा झाला ते सांगायचे. ऐकणाऱ्यांत विणकर, शेतमजूर, चांभार असत, आणि निर्णय तेच देत. कॅरीचा बाप्तिस्मा ऑक्टोबर १७८३ मध्ये नॉर्दॅम्प्टनला नेने नदीत झाला. इंग्लंडातला ऑक्टोबर म्हणजे पाणी कसे असेल ते सांगायला नको.

पाळक व्हायचे तर आणखी एक चाळणी होती. १७८५ मध्ये ओल्नीच्या मंडळीपुढे कॅरीने प्रवचन दिले, पण ते मंडळीच्या पसंतीस उतरले नाही. इतरत्र प्रवचने करत राहा, अधूनमधून आम्हालाही ऐकवत जा, मग पाहू, असा ठराव झाला. संमती मिळायला वर्षाहून अधिक काळ गेला. पुढे चाळीस वर्षे हिंदुस्थानात गाजवणाऱ्या माणसाला खेड्यातल्या चार माणसांनी आधी थांबवले होते, आणि मला वाटते यात त्यांचे काही चुकले नाही. बिशप नाही, वरून नेमणूक नाही, म्हणून पारख त्यांनाच करायची होती. १७८७ मध्ये मोल्टनच्या मंडळीने त्याला रीतसर पाळक केले. पगार इतका तुटपुंजा की तो शाळाही चालवी आणि बूटही शिवी. त्याच वर्षी मोल्टनमध्येच डॉरथीने बाप्तिस्मा घेतला, तोही नवऱ्याच्याच हातून.

मग १७८९ मध्ये लेस्टर. हार्वे लेनची मंडळी आतून पोखरलेली होती. काहींची दारूबाजी उघड्यावर आली होती. त्यावर कळस म्हणजे, कृपेने एकदा तारले गेलो की वागणुकीचे बंधन कशाला, असे तत्त्वज्ञान त्यांत भिनलेले. कॅरी एकेकाला शिस्त लावायला गेला तेव्हा गट पडले. शेवटी सप्टेंबर १७९० मध्ये त्याने सरळ मार्ग धरला. सभासदत्वाचे सगळे नाते एकदम संपवायचे, नवा करार लिहायचा, आणि तो पाळायची तयारी असेल त्यांनीच सही करून पुन्हा मंडळीत यायचे. कोणाला लागेल, कोण दुखावेल याची पर्वा करायची नाही असेही ठरले. भिंती, बाके, व्यासपीठ सगळे जागच्या जागी होते, मंडळी तेवढी नव्हती. सह्या झाल्या, तेव्हा ती पुन्हा झाली.

अशा करारांत असायचे तरी काय? त्या काळच्या बाप्टिस्ट मंडळ्यांचे करार वाचले की त्यात धर्मशास्त्र कमी आणि शेजारधर्म जास्त आढळतो. एकमेकांवर लक्ष ठेवू, पण पाळत ठेवणार नाही. कोणाचे चुकले तर आधी त्याला एकट्याला गाठून सांगू. मंडळीतले वाद बाहेर पसरवणार नाही. उपासना आणि सभा चुकवणार नाही. गरजू सभासदांना आणि पाळकाच्या पोटाला ऐपतीप्रमाणे देऊ. ज्यांना लिहिता येत नसे ते फुली मारत, आणि त्या फुलीचे वजन इतर सह्यांइतकेच असे. याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वही भरत जाई तशी तीत नावे खोडलीही जात. कोणी नशेत सापडला, कोणी कर्ज बुडवले, कोणी धर्मविश्वास नसलेल्या माणसाशी लग्न केले, सगळे सभेपुढे येई. खासगी आयुष्य म्हणून आपण जे जपतो त्याला तिथे जागा नव्हती. आज कोणी असा करार पुढे केला तर मी सही करीन असे वाटत नाही.

हार्वे लेन मात्र सावरली. १७९३ मध्ये, कॅरीला मिशनरी म्हणून बंगालला जाऊ द्यायचे का, हा प्रश्नही याच सह्या करणाऱ्यांपुढे आला, आणि आपला पाळक गमावून त्यांनी होकार दिला.

करार करून एकत्र राहण्याची ही सवय कॅरीबरोबर कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूरला गेली (अहिल्यानगर जिल्ह्यातले नव्हे). कंपनी सरकारला आपल्या मुलखात मिशनरी नको होते, म्हणून डेन्मार्कच्या ताब्यातले हे गाव. १८०५ मध्ये तिथल्या मिशनरींनीही ११ कलमांचा करार केला आणि तो प्रत्येक ठाण्यावर जानेवारी, मे व ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी मोठ्याने वाचायचा असे ठरवले. अंगावरचे कपडेसुद्धा आपले स्वतःचे मानायचे नाहीत, इतके टोकाचे कलम त्यात आहे. आणि ते नुसते कागदावर राहिले नाही. फोर्ट विल्यम कॉलेजात कॅरी बंगाली, संस्कृत आणि मराठी शिकवी. मराठीसाठी त्याच्या हाताशी वैजनाथ पंडित होते. महिना ५०० रुपयांपासून सुरू होऊन पुढे १,००० वर गेलेला त्याचा कॉलेजचा पगार मिशनच्या सामाईक पेटीत जाई. आपल्या मराठी व्याकरणाचा कर्ता ज्या पगारावर नेमला होता, तो पगार त्याचा एकट्याचा कधीच नव्हता.

अडचण वेगळ्याच बाजूने आली. हार्वे लेनमध्ये सही करणारे रोज एकमेकांना पाहत होते. श्रीरामपूर आणि इंग्लंडमध्ये कित्येक महिन्यांच्या जहाजप्रवासाचे अंतर होते. इंग्लंडमधले जुने मित्र वारले, मिशनऱ्यांना पाठवणाऱ्या तिथल्या संस्थेचा कारभार नव्या माणसांच्या हाती गेला, आणि त्यांनी जागा-इमारतींच्या मालकीचा आणि अधिकाराचा प्रश्न काढला. १८२७ मध्ये दोन्ही बाजू रीतसर वेगळ्या झाल्या. १८३४ मध्ये कॅरी वारला तेव्हाही समेट झालेला नव्हता. त्या तंट्याविषयी पुढच्या आठवड्यात.