बाटलीतला ‘फायटर’

(प्रस्तुत पाठात बेट्टा या माशाची ओळख करून दिली आहे. हा मासा घरी पाळताना कोणती काळजी घ्यावी, हेही सांगितले आहे.)

परळी वैजनाथ हे गाव ज्योतिर्लिंगासाठी आणि औष्णिक विद्युत केंद्रासाठी प्रसिद्ध आहे. येथे उन्हाळा कडक असतो. पाण्याची टंचाई तर पाचवीला पुजलेली! २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी विद्युत केंद्रही बंद ठेवावे लागले होते. अशा गावात मासा पाळावा का, असा प्रश्न कोणालाही पडेल. बेट्टा मासा येथेही पाळता येतो. पण तो कसा जगतो, हे आधी समजून घेतले पाहिजे.

शोभेच्या माशांच्या दुकानात हा मासा ‘फायटर’ या नावाने मिळतो. त्याचे खरे नाव बेट्टा. उर्दूत ‘बेटा’ म्हणजे मुलगा, म्हणून हे नाव तुमच्या सहज लक्षात राहील. बेट्टा मूळचा थायलंडचा. २०१९ साली त्या देशाने त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. रानातला बेट्टा मळकट रंगाचा असतो. लाल, निळे रंग आणि झालरीसारखे लांब पर माणसाने निवडक माशांची पैदास करून मिळवले आहेत.

दोन नर एकत्र ठेवले, तर ते एकमेकांचे पर फाडतात. म्हणून एका टाकीत एकच नर ठेवावा. आरशात स्वतःचे प्रतिबिंब दिसले, तरी तो कल्ले फुगवून लढायला उभा राहतो. मौज म्हणून त्याला वारंवार आरसा दाखवू नये. तो थकून जातो. पण हाच लढवय्या मोठा प्रेमळ बाप असतो. तो पाण्यावर बुडबुड्यांचे घरटे बांधतो. खाली पडणारी अंडी तोंडात झेलून घरट्यात ठेवतो आणि पिल्ले पोहू लागेपर्यंत पहारा देतो.

बेट्टाला कल्ल्यांशिवाय श्वसनाचा आणखी एक अवयव असतो. त्याच्या साहाय्याने तो पृष्ठभागावर येऊन हवा घेतो. आपल्याकडचा मरळ मासाही असाच हवा घेऊ शकतो. म्हणून हवेचा पंप नसला किंवा वीज गेली, तरी बेट्टा गुदमरत नाही.

याच गुणामुळे त्याचे हाल होतात. दुकानात त्याला लहानशा बाटलीत ठेवतात. ‘याला एवढेसे पाणी पुरते,’ असे लोक समजतात. बाटलीत तो काही दिवस तग धरतो हे खरे. पण तग धरणे म्हणजे सुखाने जगणे नव्हे. थायलंडमध्ये तो भातखाचरांत आणि दलदलीत राहतो. तेथे पाणी उथळ असले, तरी दूरवर पसरलेले असते. माशाच्या विष्ठेपासून पाण्यात अमोनिया हा विषारी पदार्थ तयार होतो. बाटलीतल्या थोड्या पाण्यात तो लवकर साठतो आणि मासा आजारी पडतो.

म्हणून बेट्टासाठी निदान वीस लिटर पाण्याची टाकी घ्यावी. तळाशी धुतलेली वाळू घालावी आणि पाणवनस्पती लावाव्यात. मासा उडी मारतो, म्हणून वर जाळीचे झाकण ठेवावे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. ते पाणी एक दिवस उघड्या भांड्यात ठेवून मग वापरावे. सगळे पाणी एकदम बदलू नये. टाकीत अमोनियाचा नाश करणारे उपयोगी जीवाणू वाढलेले असतात. त्यांना जपावे लागते. आठवड्याला पाच लिटर पाणी बदलले, तरी पुरते. काढलेले पाणी ओतून देऊ नका. ते कुंडीतल्या झाडांना घाला. झाडांना ते खतासारखे लागू पडते आणि टंचाईच्या दिवसांत एक थेंबही वाया जात नाही.

बेट्टाला २४ ते २८ अंश सेल्सिअसचे पाणी मानवते. परळीच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. तेव्हा टाकी उन्हापासून दूर, घरातल्या गार कोपऱ्यात ठेवावी. टाकीभोवती ओले कापड गुंडाळावे. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने टाकीही थंड राहते. पाण्यात बर्फ मात्र टाकू नये; तापमान एकदम बदलले, तर माशाला अपाय होतो.

बेट्टा मांसाहारी आहे. त्याला दिवसातून दोनदा तीन-चार दाणे खाद्य पुरे. उरलेले खाद्य कुजते आणि पाणी बिघडते. डासांच्या अळ्याही तो आवडीने खातो. डास कमी व्हावेत म्हणून आरोग्य खाते पाण्यात गप्पी मासे सोडते, हे तुम्हांला ठाऊक असेल. पण कंटाळा आला म्हणून बेट्टाला विहिरीत किंवा तळ्यात सोडू नये. परका मासा तेथील माशांना त्रासदायक ठरू शकतो.

बेट्टा दोन ते चार वर्षे जगतो. रोज खाऊ घालणारा माणूस टाकीजवळ आला, की तो लगबगीने पुढे येतो. त्याला हाक मारता येत नाही, तक्रारही करता येत नाही. त्याचा रंग फिका पडला, पर मिटले किंवा त्याने खाणे सोडले, तर पाणी बिघडले असे समजावे. एवढे लक्ष रोज देता येत असेल, तरच हा मासा घरी आणावा.

स्वाध्याय

१. बेट्टाला ‘प्रेमळ बाप’ का म्हटले आहे?
२. वीज गेली, तरी बेट्टा का गुदमरत नाही?
३. टाकीतले सगळे पाणी एकदम का बदलू नये?
४. ‘पाचवीला पुजणे’, ‘तग धरणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.
५. तुमच्या घरी रोज किती पाणी वाया जाते, ते पाहा व पाच वाक्ये लिहा.