प्रभात चित्रगृह आणि आपलें घर

पुण्याचा अप्पा बळवंत चौक म्हणजे पुस्तकांच्या दुकानांची दाटी. शाळा उघडण्याच्या दिवसांत तेथें पाऊल ठेवण्यास जागा मिळत नाहीं. याच गजबजाटांत १९३४ सालीं प्रभात चित्रगृह सुरू झालें. जागा इंदूरच्या सरदार किबे यांची. ती चालविण्यास घेतली प्रभात फिल्म कंपनीनें. कोल्हापुरास १९२९ सालीं स्थापन झालेली ही कंपनी १९३३ सालीं पुण्यास आली होती. स्टुडिओमागोमाग शहराच्या मध्यवस्तींत तिचा पडदाही उभा राहिला.

घरंदाज स्त्रियांनीं सिनेमास जावें कीं नाहीं, हा त्या काळीं वादाचा विषय होता. प्रभातच्या ‘संत तुकाराम’ (१९३६) या चित्रानें तो पुष्कळसा मिटविला. देवदर्शनास निघावें तशीं आजीपासून नातवंडांपर्यंत सारीं माणसें निघूं लागलीं. पुढच्याच वर्षीं ‘कुंकू’ आला. म्हाताऱ्या वराशीं फसवून लावलेलें लग्न न मानणारी तरुणी त्यानें वडीलधाऱ्यांसमोर उभी केली. एकत्र पाहिलेल्या चित्राचा लाभ हाच, कीं विषय जेवणाच्या पंक्तींत येतो आणि सुनेलाही आपलें मत बोलून दाखवितां येतें.

कंपनीचें काम १९५३ सालीं थांबलें. तिच्या स्टुडिओच्या जागेंत १९६० सालीं सरकारची फिल्म इन्स्टिट्यूट आली. चित्रगृह मात्र त्यानंतरही एकसष्ट वर्षें प्रभात याच नांवानें चाललें आणि मराठी चित्रांचें हक्काचें ठिकाण ठरलें. २०१४ च्या अखेरीस जागा मूळ मालकांकडे परत गेली. पुढें ‘किबे लक्ष्मी’ या नांवानें तेथें पुन्हा खेळ सुरू झाले.

चित्रें निर्माण करणारी संस्था गेली तरी पडदा टिकला, कारण कुटुंबें खुर्च्या भरीत राहिलीं. आज प्रत्येकाच्या हातांत स्वतंत्र पडदा आहे. एकाच दिवाणखान्यांत पांच माणसें पांच निरनिराळीं चित्रें पाहतात. सोय मोठी, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु ज्या घरांत मिळून कांहींच पाहिलें जात नाहीं, तेथें मोकळेपणानें वाद तरी कशावर व्हावा?

जुनीं चित्रगृहें बंद पडलीं म्हणून नुसती हळहळ करून भागणार नाहीं. आमची सूचना साधी आहे: वर्षांतून दोनदां तरी, वडील मंडळींना बरोबर घेऊन, साऱ्या घरानें एखाद्या मराठी चित्रास जावें. तिकिटांचा खर्च होईल खरा. पण तो घराच्याच खातीं जमा होईल.