गिटारला घरीच नवा पिकअप बसवला आणि नुसतं गुणगुणतंय? बिघाड असा शोधा

समजा तुम्ही बारामतीत राहता. ऑनलाइन नवा पिकअप मागवला, यूट्यूबवर दोन व्हिडिओ पाहिले, ओळखीच्या मोबाईल रिपेअरिंगवाल्याकडून सोल्डरिंग आयर्न आणलं आणि रात्री जेवणानंतर काम उरकलं. तारा चढवल्या, अँप चालू केला आणि कॉर्ड वाजवली. आवाज कुठेच नाही, नुसती घूंऽऽऽ.

मनात पहिला विचार येतो, पिकअपच खराब आला. मग एक तर तो परत पाठवायचा, नाहीतर गिटार पाठीला लावून पुणं गाठायचं. बारामतीहून पुणं शंभरेक किलोमीटर, इंदापूरहून त्याहूनही लांब. दिवस गेला आणि भाडंही गेलं.

थोडं थांबा. घरी बसवलेल्या पिकअपचा आवाज आला नाही, तर बहुतेक वेळा पिकअप चांगलाच असतो. चूक असते त्याच्यामागच्या पाच-सहा सोल्डरच्या जोडांमध्ये. तो चुकीचा जोड कोणता, हे साधा मल्टिमीटर सांगतो. मात्र घूं आवाजाचा एक प्रकार असा आहे की त्याच्याशी खेळ करायचा नाही. तो कोणता, तेही पाहू.

पिकअप म्हणजे नक्की काय?

विहिरीवरची मोटार जळाली की आपण ती रिवाइंडिंगला टाकतो. आत तांब्याच्या तारेची वेटोळी असतात, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पिकअप हा त्याच घराण्यातला. एक लोहचुंबक आणि त्याभोवती हजारो वेढे. फरक एवढाच की इथली वायर साधारण ०.०६ मिलिमीटर जाडीची, म्हणजे केसासारखी बारीक असते. वर स्टीलची तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि कॉइलमध्ये अगदी कमी दाबाची वीज तयार होते. ती अँपमध्ये मोठी होते. लग्नाच्या वरातीत वाजणाऱ्या बेंजोलाही असाच पिकअप लावलेला असतो, त्यामुळे पुढच्या बऱ्याच गोष्टी बेंजोवाल्यांनाही लागू पडतील.

ही वीज पिकअपमधून निघते, सिलेक्टर स्विचमध्ये जाते, तिथून व्हॉल्यूमच्या पॉटमध्ये, मग जॅकमध्ये आणि केबलमधून अँपकडे. या वाटेवर दोन वायर असतात. आवाज नेणारी 'हॉट' आणि परतीची 'ग्राउंड'. हॉट कुठे तुटली किंवा ग्राउंडला चिकटली की आवाज बंद.

गिटार उघडण्याआधी

आधी दुसरी केबल लावून बघा. मग दुसरी गिटार त्याच अँपला लावून बघा. केबल आणि अँप चांगले आहेत हे कळल्याशिवाय स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊ नका.

मग व्हॉल्यूम फुल ठेवून, अँपचा आवाज कमी करून, पिकअपच्या वरच्या धातूवर स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने हलकं टकटक करा. अँपमधून 'टक' आलं तर तो पिकअप जिवंत आहे. स्विच प्रत्येक जागी नेऊन हेच करा. कोणत्या जागी कोणता पिकअप वाजतो हे कळलं की अर्धा बिघाड सापडला.

मल्टिमीटर काय सांगतो?

अँपमधून केबल काढा, गिटारमध्ये लावलेलीच ठेवा. व्हॉल्यूम फुल, स्विच एकाच पिकअपवर. मल्टिमीटर २० के ओहमवर ठेवा. एक टोक केबलच्या पिनच्या शेंड्याला, दुसरं पिनच्या खालच्या भागाला.

• आकडा साधारण ५ ते १५ किलोओहम आला, तर पिकअपपासून जॅकपर्यंतची वाट मोकळी आहे. सिंगल कॉइल पिकअप ५ ते ७ च्या आसपास, हंबकर ७ च्या पुढे. पॉट समांतर जोडलेला असल्याने कंपनीने दिलेल्या आकड्यापेक्षा थोडा कमी दिसेल. ७ के चा पिकअप २५० के च्या पॉटसोबत ६.८ दाखवतो.

• शून्याच्या आसपास आला, तर हॉट कुठेतरी ग्राउंडला टेकली आहे. जाळीदार वायरचा एखादा केस सुटून बाजूला लागलेला असतो. किंवा जॅक आत फिरून त्याचं पातं शिल्डिंगच्या फॉइलला टेकलेलं असतं. व्हॉल्यूम शून्यावर असेल तरीही शून्यच येतो, म्हणून नॉब आधी बघा.

• २० के वर डावीकडे नुसता '१' आला किंवा 'ओएल' दिसलं, तर रेंज वाढवा. २५० किंवा ५०० के आला तर मीटर फक्त पॉट मोजतोय. पिकअप पॉटपर्यंत पोचलेलाच नाही. स्विच, पिकअपच्या वायरचा जोड किंवा कॉइल यांपैकी काहीतरी तुटलंय.

• कोणत्याच रेंजवर काही नाही, तर जॅकवरचा किंवा जॅक आणि पॉट यांच्यामधला जोड बघा.

एवढं सगळं करून संशय पिकअपवरच आला, तर त्याची हॉट वायर सोडवा आणि थेट त्याच्या दोन टोकांवर मोजा. तिथेही काहीच दाखवलं नाही, तरच पिकअप गेला असं म्हणा. खरं तर हे मोजमाप पार्सल उघडल्याबरोबर, वायर कापण्याआधी करायला हवं. दोन मिनिटांचं काम आहे, आणि परत पाठवायची वेळ आली तर वाद राहत नाही.

बॅटरीवर चालणाऱ्या ॲक्टिव्ह पिकअपला हे आकडे लागू नाहीत. तिथे आधी नऊ व्होल्टची बॅटरी आणि स्टिरिओ जॅकवरची तिची वायर तपासा.

रंगावर विश्वास ठेवू नका

चार वायरच्या हंबकरमध्ये सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. सेमूर डंकनच्या पिकअपमध्ये काळी वायर हॉट असते, हिरवी आणि उघडी ग्राउंडला जातात, लाल-पांढरी एकमेकींना जोडून टेप लावायची. डिमार्झिओमध्ये लाल हॉट असते आणि काळी-पांढरी एकमेकींना जोडतात. एका कंपनीचा व्हिडिओ पाहून दुसऱ्या कंपनीचा पिकअप लावला की बिघडलंच. त्यामुळे त्याच कंपनीची आकृती बघा.

जोडायच्या दोन वायर सुट्या राहिल्या तर आवाजच येत नाही. त्या ग्राउंडला टेकल्या तर एकच कॉइल चालते, आवाज पातळ होतो आणि गुणगुण वाढते.

दोन्ही पिकअप एकत्र केले की आवाज पोकळ?

एकेकटे छान वाजतात, पण स्विच मध्यावर नेला की आवाज पत्र्याच्या डब्यासारखा होतो. याला 'आउट ऑफ फेज' म्हणतात. इथल्या फेजचा घरच्या लाइनच्या फेजशी संबंध नाही. दोन पिकअपच्या लहरी एकमेकींना खोडतात, एवढाच अर्थ. एका पिकअपच्या हॉट आणि ग्राउंड वायरची अदलाबदल केली की प्रश्न सुटतो. फक्त पिकअपवर धातूचं झाकण असेल आणि ते ग्राउंड वायरला जोडलेलं असेल, तर ते आधी वेगळं करून ग्राउंडवरच ठेवा. नाहीतर झाकणच हॉट होईल आणि हात लागला की घूं वाढेल.

घूं आवाज कुठून येतो?

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. घरातल्या वायरिंगभोवतीचं क्षेत्र पिकअप पकडतो. सिंगल कॉइलमध्ये थोडी गुणगुण असणारच. तीच घालवण्यासाठी गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी दोन उलट कॉइलचा हंबकर बनवला आणि १९५५ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला.

गिटार हातात घेऊन जागेवरच गोल फिरा. एका दिशेला घूं कमी झाली, तर ती हवेतून येतेय. पंख्याचा रेग्युलेटर, एलईडी दिवे, लाइट गेल्यावर चालणारा साधा इन्व्हर्टर बंद करून बघा.

आता तारांना हात लावा.

• घूं कमी झाली: ब्रिजची ग्राउंड वायर बरोबर आहे.
• काहीच फरक नाही, पण जॅकच्या धातूला हात लावल्यावर कमी झाली: ब्रिजची वायर तुटली आहे किंवा जोडायची राहिली आहे.
• घूं वाढली: जॅकवर हॉट आणि ग्राउंड उलट लागल्याची शक्यता मोठी.

जोड पक्का कसा ओळखायचा?

चांगला जोड चकचकीत आणि पसरलेला असतो. मळकट, गोळ्यासारखा बसलेला असेल तर तो कच्चा. पॉटच्या पाठीवर ग्राउंड लावताना हे हमखास होतं, कारण ते धातूचं भांडं उष्णता ओढून घेतं आणि लहान आयर्न कमी पडतं. आधी पाठ किंचित घासा, फ्लक्स लावा, ४०-६० वॅटचं आयर्न वापरा आणि सोल्डर आयर्नवर न वितळवता तापलेल्या धातूवर वितळू द्या. पॉटवर आयर्न फार वेळ मात्र ठेवू नका, आतला पट्टा खराब होतो.

हे मात्र कधीच करू नका

गिटारच्या तारा ब्रिजमधून ग्राउंडला, ग्राउंड केबलमधून अँपच्या बॉडीला आणि बॉडी तीन पिनच्या मोठ्या पिनमधून घराच्या अर्थिंगला जोडलेली असते. म्हणजे वाजवताना तुमचे हात थेट अँपच्या बॉडीला लागलेले असतात.

काही जण अँपची मोठी पिन काढतात किंवा दोन पिनचा जुगाड करतात, आणि घूं खरंच कमी होते. पण मग अँपमध्ये गळती झाली की वीज तारांवर येते. दुसरा हात किंवा ओठ माइकला लागले की ती अंगातून वाट काढते. मे १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वान्झी इथे 'स्टोन द क्रोज' बँडचे गिटारवादक लेस हार्वी यांचा मंचावरच, नीट अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून मृत्यू झाला होता.

आपल्याकडे जुन्या घरात तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. गणपतीच्या मंडपात अँप एका लाइनवर आणि माइक दुसऱ्या लाइनवर असतो. म्हणून तारांना हात लावल्यावर मुंग्या आल्या तर लगेच थांबा. गिटारची वायरिंग उघडू नका, वायरमनला बोलवून अर्थिंग तपासा, ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. अँप स्वतः उघडू नका. बंद केल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब राहू शकतो.

बाकी गिटारच्या आतली वीज इतकी कमी असते की केबल काढल्यावर तिथे घाबरण्यासारखं काही नाही. पुढच्या वेळी जुना पिकअप सोडवण्याआधी मोबाईलवर आतल्या जोडांचे चार फोटो तेवढे काढून ठेवा. पुण्याची फेरी वाचवणारं याहून स्वस्त हत्यार दुसरं नाही.