मांजराच्या पिसवा आणि गोठ्यातले औषध

नाशिक जिल्ह्याच्या पूर्व भागातील येवला तालुक्यात एकाच अंगणात गाय, शेळ्या, राखणीचे कुत्रे आणि उंदरांसाठी ठेवलेले मांजर असे सगळे नांदत असल्याने, मांजराच्या मानेभोवती पिसवा दिसू लागल्या की घरच्यांचा हात साहजिकच गोठ्यातल्या फळीवरील गोचिडांच्या औषधाकडे जातो. औषध जनावरांचेच आहे, गायीला ते चालते, मग एवढ्याशा मांजराला चार थेंब लावले तर बिघडणार काय, हा तर्क वरवर बिनतोड वाटतो. मांजराच्या बाबतीत मात्र हाच तर्क जिवावर बेतू शकतो.

गोचिडांवर वापरली जाणारी सायपरमेथ्रिन आणि डेल्टामेथ्रिन ही द्रव्ये ‘पायरेथ्रॉइड’ गटातील आहेत. म्हणजे शेवंतीच्या कुळातील एका फुलात सापडणाऱ्या कीटकनाशकाच्या धर्तीवर कारखान्यात तयार केलेली. कुत्र्यांच्या अंगावर टाकण्याच्या काही औषधांत असणारे परमेथ्रिन हेही त्याच गटातले. ही द्रव्ये किड्याच्या मज्जातंतूंना उत्तेजित अवस्थेतच अडकवून ठेवतात आणि त्यामुळे किडा तडफडून मरतो. गायीच्या किंवा कुत्र्याच्या शरीरात शिरलेला त्यांचा अंश शरीर पचवून बाहेर टाकते. मांजराच्या यकृतात मात्र अशा परक्या द्रव्यांना ग्लुक्युरॉनिक आम्ल जोडून ती लघवीवाटे बाहेर काढण्याजोगी करणारी व्यवस्था फार दुबळी असते, कारण त्यासाठी लागणाऱ्या एका महत्त्वाच्या विकराचे जनुक मांजराच्या कुळात निकामी झालेले आहे. विकर म्हणजे शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन. माणसाच्या तापावरची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला घातक ठरते तीही मुख्यतः याच कारणाने, आणि फरशी पुसण्याच्या फिनेलवरून चाललेले मांजर पुढे पंजे चाटून आजारी पडते त्यामागेही हीच उणीव आहे. गोठ्यात असणारे दुसरे औषध अमिट्राझ. ते या गटातले नसले तरी मांजराला गुंगी आणते, त्याच्या हृदयाचे ठोके मंदावते, म्हणून तेही वर्ज्यच समजावे.

इथे चाटण्याचा मुद्दा दुय्यम नाही. मांजर जागेपणीचा बराच वेळ स्वतःचे अंग चाटण्यात घालवते, त्यामुळे इतर जनावरांच्या बाबतीत जे औषध केवळ कातडीवर राहते ते मांजराच्या पोटातही जाते. कडुनिंबाचे तेल ‘नैसर्गिक’ म्हणून अंगभर चोळणे, रॉकेलचा बोळा फिरवणे, कापूर किंवा लवंगेचे तेल लावणे हे उपाय म्हणूनच निरुपद्रवी नाहीत; नैसर्गिक म्हणजे सौम्य हा समज मांजराच्या यकृताला ठाऊक नसतो. पैठणी विणणाऱ्या येवल्यात रेशमी वस्त्रांच्या पेटीसाठी घरात डांबर गोळ्या असणे स्वाभाविक आहे, पण पिसवा पळवण्यासाठी त्या मांजराच्या झोपण्याच्या जागी ठेवल्या तर नॅफ्थलीनमुळे त्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटू शकतात.

एवढे करूनही पिसवा जात नाहीत, याचे कारण त्यांच्या जीवनक्रमात आहे. मांजराच्या अंगावर दिसतात त्या फक्त प्रौढ पिसवा, आणि घरातील एकूण पिसवांचा तो जेमतेम विसावा हिस्सा असतो असे सर्वसाधारणपणे मानले जाते. उरलेल्या अंडी, अळ्या आणि कोष या रूपांत जमिनीवर असतात. एक मादी दिवसाला चाळीस-पन्नासपर्यंत अंडी घालते, ती केसांवरून घरंगळून खाली पडतात आणि त्यांतून निघालेल्या अळ्या उजेड टाळत फटींमध्ये शिरून प्रौढ पिसवांच्या विष्ठेतील वाळलेल्या रक्तावर पोसल्या जातात. जिथे विणकर अजून पाय खड्ड्यात सोडून खड्डामागावर बसतो, तिथे तो अंधारा, सहसा न झाडला जाणारा खड्डा, मागाखालची मातीची जमीन आणि मांजराचे आवडते गोणपाट या अळ्यांना मानवणाऱ्या जागा होत. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत उघड्यावरच्या अळ्या सुकून मरतात, तर पावसाळ्याच्या दमट उबेत त्या झपाट्याने वाढतात. कोषातील पिसू मात्र काही महिने दडून राहू शकते आणि पावलांची हालचाल, अंगाची ऊब किंवा उच्छ्वासातील वायू जाणवला की बाहेर उडी घेते. बंद घर उघडल्यावर पिसवा एकाएकी अंगावर येतात त्या यामुळे.

पिसवांची धास्ती महाराष्ट्राला जुनी आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि १८९८ च्या जूनमध्ये, तेव्हाच्या मुंबई इलाख्यातीलच कराचीत, पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने आजारी उंदराकडून निरोगी उंदराकडे रोग पिसवांमार्फत जातो हे दाखवून दिले; प्रयोगातील उंदरावर पिसवा कमी पडू नयेत म्हणून त्याने चक्क एका मांजराच्या पिसवा उसन्या घेतल्या होत्या. प्लेगची खरी वाहक ठरली ती उंदरावरची पिसू. मांजराची पिसू ही वेगळी जात असून प्लेग पसरवण्यात ती कमकुवत आहे, त्यामुळे त्या भयापोटी मांजराला विषारी फवाऱ्याने न्हाऊ घालण्याचे कारण नाही. तिचा उपद्रव वेगळा: लहान पिल्लांचे ती इतके रक्त पिते की ती पांढरीफटक पडतात, फितीसारख्या जंताचा प्रसार तिच्यामार्फत होतो, आणि तिच्या विष्ठेतील जिवाणू नखांवाटे ओरखड्यात शिरून माणसाला ताप व गाठी येऊ शकतात.

उपचाराची सुरुवात बारीक दातांच्या फणीने करणे सर्वांत सुरक्षित. फणीत आलेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर टाकले आणि त्यांभोवती तांबूस डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा समजावी; सापडलेल्या पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवाव्यात. आठ आठवड्यांखालील पिल्लांसाठी घरच्या घरी फणीवरच भिस्त ठेवणे बरे. मोठ्या मांजरासाठी खास मांजरांचे म्हणून मिळणारे फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिड किंवा सेलामेक्टिनचे औषध पशुवैद्याकडून वजनाप्रमाणे ठरवून घ्यावे, आणि कुत्र्याच्या मोठ्या नळीतले थेंब मोजून वापरण्याची काटकसर टाळावी. औषध लावताना एकाने मांजराला टॉवेलात गुंडाळून धरावे, दुसऱ्याने डोक्याच्या मागे मानेवरचे केस दुभंगून कातडी दिसल्यावरच त्यावर थेंब सोडावेत. केसांवर सोडलेले औषध वाया जाते, आणि पाठीवर खाली लावलेले जिभेच्या टप्प्यात येते. औषध वाळेपर्यंत घरातली मांजरे एकमेकांपासून वेगळी ठेवावीत. कुत्र्याला परमेथ्रिनचे औषध लावले असेल तर दोन-तीन दिवस त्याला मांजराच्या जवळ झोपू देऊ नये. जमिनीचे काम मात्र झाडूनेच करायचे असते: मागाखालची धूळ रोज काढून घराबाहेर टाकणे, गोणपाट व चादरी उकळत्या पाण्यातून काढून उन्हात घालणे, आणि उरलेले कोष फुटून संपेपर्यंत हे किमान तीन महिने चालू ठेवणे. शेवटच्या पिसवा दिसेनाशा झाल्या म्हणजे औषध थांबवण्याची घाई बहुतेक घरांत होते, आणि पिसवा परतण्याचे ते नेहमीचे कारण आहे.

चुकून गोठ्यातले किंवा कुत्र्याचे औषध लागलेच, तर कान फडफडणे, अंगाला थरथर, लाळ, झोकांड्या आणि पुढे झटके ही लक्षणे काही तासांत, क्वचित दोन-तीन दिवसांनीही दिसतात. मांजर शुद्धीवर असेल तर भांडी घासण्याच्या द्रव साबणाने कोमट पाण्यात ते धुवावे, कारण गरम पाण्याने कातडीतून विष अधिक शोषले जाते. नंतर कोरडे करून उबेत ठेवावे, दूध किंवा तेल पाजून उलटी काढण्याच्या भानगडीत पडू नये, आणि औषधाची बाटली सोबत घेऊन तडक पशुवैद्याकडे जावे, म्हणजे बाटलीवरचे नाव व प्रमाण पाहून त्यांना उपचार ठरवता येतील.