युद्धकाळातील मुंबई बंदर : संरक्षणाची आखणी आणि संदेशांवरील पहारा

बंदराच्या संरक्षणातील मूळ अडचण अशी की, युद्ध सुरू झाले म्हणून बंदर बंद ठेवून भागत नाही. शत्रूच्या जहाजांना अडवायचे, पण धान्य, कापूस, कोळसा, सैन्य आणि दारूगोळा यांची ये-जा मात्र खंडू द्यायची नाही, अशा दुहेरी गरजेतून ब्रिटिश साम्राज्याने आपल्या वसाहतींमधील बंदरांच्या संरक्षणाची एक ठरीव पद्धत बसवली आणि मुंबई हे तिचे एक ठळक उदाहरण होय. या पद्धतीचा एक भाग उघड होता, तो म्हणजे तोफा, पहारा आणि जहाजांची तपासणी. दुसरा भाग सामान्य माणसाच्या नजरेआड राहिला, तो म्हणजे तारा, पत्रे आणि वृत्तपत्रे यांच्यावरील सेन्सॉरचा अंमल. पहिल्या भागाची आखणी फार बारकाईने झाली; दुसऱ्याला मर्यादा कुठे घालायची, हा प्रश्न मात्र अनुत्तरितच राहिला.

1869 मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि मुंबई हे युरोपातून येणाऱ्या जहाजांचे हिंदुस्थानातील मुख्य प्रवेशद्वार बनले. त्यानंतर लवकरच ‘ॲबिसिनिया’ आणि ‘मॅग्डाला’ ही फिरत्या बुरुजांवर तोफा बसवलेली दोन चिलखती जहाजे केवळ या बंदराच्या रक्षणासाठी बांधून पाठवण्यात आली. 1885 मध्ये अफगाण सीमेवरील पंजदेहच्या प्रकरणावरून रशियाशी युद्ध भडकण्याची चिन्हे दिसू लागली, तेव्हा किनाऱ्यावरील जुन्या तोफा बदलण्याच्या कामाला वेग आला. आज गेटवे ऑफ इंडियासमोर पाण्यात दिसणारे मिडल ग्राउंड हे बेट आणि त्याच्या जवळचे ऑयस्टर रॉक ही याच संरक्षणव्यवस्थेतील तोफांची ठाणी होत. मोठ्या आरमाराशी दोन हात करणे हे या तोफांचे काम नव्हते, ते शाही नौदलाचे. एकटेदुकटे क्रूझर, म्हणजे वेगवान लढाऊ जहाज, अचानक येऊन गोद्यांवर मारा करून निसटू नये, एवढ्यापुरतीच त्यांची योजना होती.

त्याच वर्षी लंडनमध्ये वसाहतींच्या संरक्षणासाठी एक समिती नेमण्यात आली आणि प्रत्येक बंदराची लेखी संरक्षण योजना तयार करून ती वेळोवेळी सुधारण्याची प्रथा पडली. हिंदुस्थानातील बंदरांची जबाबदारी हिंदुस्थान सरकारकडे असली, तरी विचाराचा साचा तोच होता. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या वर्षांत लंडनमध्ये ‘वॉर बुक’ तयार झाले. युद्धाची चाहूल लागताच कोणत्या खात्याने कोणत्या क्रमाने काय करायचे, कोणती तार कोणाला पाठवायची, याची ती तपशीलवार नोंदवही होती. तिच्यानुसार 29 जुलै 1914 रोजी, म्हणजे ब्रिटनने युद्ध पुकारण्याच्या सहा दिवस आधी, सावधगिरीची तार साम्राज्यभर रवाना झाली.

अशी तार येताच बंदरांत तपासणी सेवा सुरू होत असे. बंदराच्या तोंडाशी नांगरण्याची एक जागा मुक्रर केलेली असे. येणाऱ्या प्रत्येक व्यापारी जहाजाने तिथे थांबायचे, तपासणी अधिकाऱ्याने कागदपत्रे पाहायची आणि खात्री पटल्यावर त्या वेळेपुरती ठरलेली गुप्त खूण, दिवसा निशाणांची व रात्री दिव्यांची, जहाजाला द्यायची, अशी ही व्यवस्था होती. किनाऱ्यावरची एक बॅटरी, म्हणजे तोफांचा मोर्चा, याच जागेवर नेम धरून सज्ज राही आणि खूण न देता पुढे सरकणाऱ्या जहाजावर गोळा टाकण्याची तिला मुभा असे. दीपगृहांचे काय करायचे हाही प्रश्न असे, कारण मुंबईच्या तोंडाशी असलेले प्राँग्सचे किंवा खांदेरीचे दीपगृह विझवले, तर शत्रूबरोबर आपलीही जहाजे खडकावर जाण्याची भीती होती.

संदेशांवर ताबा मिळवणे त्या मानाने सोपे होते. 1870 मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ या अवाढव्य जहाजाने मुंबई ते एडनपर्यंत समुद्रतळाशी तारेची केबल टाकली आणि मुंबई थेट लंडनशी जोडली गेली. साम्राज्याच्या बहुतेक केबली ब्रिटिश कंपन्यांच्या हाती असल्यामुळे तारघरात सेन्सॉर अधिकारी बसवला की समुद्रापारच्या संदेशांवर नजर ठेवता येत असे. ऑगस्ट 1914 मध्ये खाजगी तारा साध्या इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्येच लिहिण्याचे, त्यांवर पाठवणाऱ्याचे नाव देण्याचे आणि सांकेतिक शब्द व संक्षिप्त पत्ते टाळण्याचे बंधन आले. याची झळ व्यापाऱ्यांना बसली, कारण लिव्हरपूलशी चालणारा कापसाचा व्यवहार सांकेतिक कोशांवर चाले. एकेका शब्दात भाव, प्रत आणि गाठींची संख्या सामावलेली असल्याने तारेचा खर्च वाचे. पुढे काही मान्यताप्राप्त कोशांना परवानगी द्यावी लागली.

योजना कागदावर असणे आणि ती अंगवळणी पडणे यांतले अंतर मद्रासला कळले. 22 सप्टेंबर 1914 च्या रात्री ‘एम्डेन’ या जर्मन क्रूझरने तिथल्या तेलाच्या टाक्या पेटवल्या, तेव्हा बंदराचे दीपगृह नेहमीप्रमाणे चालू होते. नंतर हजारो लोक शहर सोडून गेले. या जहाजाचा अंत मात्र संदेशवहनामुळेच झाला. 9 नोव्हेंबर रोजी त्याची तुकडी कोकोस बेटांवरील केबल आणि बिनतारी केंद्र उद्ध्वस्त करण्यासाठी उतरली. तेथील कर्मचाऱ्यांनी तत्पूर्वीच परके जहाज आल्याचा संदेश धाडला होता आणि तो मिळताच ‘सिडनी’ या ऑस्ट्रेलियन क्रूझरने येऊन एम्डेन निकामी केले.

मुंबईवर तोफगोळा कधी पडला नाही. धोका वेगळ्या रूपाने आला. फेब्रुवारी 1917 मध्ये व्यापारी जहाजाचे सोंग घेतलेल्या ‘वुल्फ’ या जर्मन जहाजाने मुंबईबाहेर पाणसुरुंग पेरले आणि 23 जून रोजी पी अँड ओ कंपनीचे ‘मंगोलिया’ हे उतारू जहाज मुंबईच्या दक्षिणेस सुरुंगावर आदळून बुडाले. 23 माणसे दगावली. वुल्फने पकडून सुरुंग पेरायला धाडलेले एक जहाज मार्चमध्येच एडनजवळ ब्रिटिशांना सापडले होते, त्यामुळे अधिकाऱ्यांना हा धोका ठाऊक होता; तरीही वुल्फची बातमी जनतेपासून दडवून ठेवण्यात आली. सुरुंग कुठे आहेत हे पेरणाऱ्याला माहीतच होते, तेव्हा ही गुप्तता शत्रूविरुद्ध किती उपयोगी होती, असा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही.

दुसऱ्या महायुद्धात हीच वृत्ती अधिक महाग पडली. सुमारे 1,400 टन स्फोटके आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या गाठी घेऊन आलेले ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज एप्रिल 1944 मध्ये थेट व्हिक्टोरिया गोदीत लावण्यात आले. एरवी असा माल गोदीबाहेर बार्जमध्ये उतरवला जाई. युद्धाच्या घाईत तो नियम सैल झाला होता आणि धोक्याचा लाल बावटाही जहाजावर नव्हता. 14 एप्रिलला दुपारी आग लागून चारनंतर दोन प्रचंड स्फोट झाले. गोद्या, गोदामे आणि मांडवी–मशीद बंदर परिसरातील वस्ती यांची राखरांगोळी झाली, शेकडो माणसे मेली आणि अग्निशमन दलाचे 66 जवान कामी आले. बातमी बाहेर पाठवण्यास बंदी होती. दुसऱ्याच दिवशी जपानच्या ताब्यातील सायगाव रेडिओने ती जगाला सांगितली, तर वार्ताहरांना तपशील पाठवण्याची मुभा मे महिन्यात मिळाली. शत्रूने ऐकवलेली बातमी स्वकीय सरकार दाबून ठेवते, असे दिसले की अफवांना ऊत येतो आणि सरकारच्या खऱ्या शब्दावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

जहाजांच्या हालचाली गुप्त ठेवणे हा बंदराच्या संरक्षणाचा न्याय्य भाग आहे. पण शत्रूला ठाऊक असलेले संकट ज्यांच्या जिवावर बेतणार त्यांच्यापासूनच लपवणे हा संरक्षणाचा नव्हे, राज्यकर्त्यांच्या अविश्वासाचा भाग होता. वसाहतीतील प्रजेला विश्वासात घेण्याची या राजवटीला सवय नव्हती, आणि 1942 मध्ये उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांचा गुप्त काँग्रेस रेडिओ याच मुंबईतून काही आठवडे बोलत राहिला, त्यामागे हीही कोंडी होती. मुंबई सरकारच्या गृह खात्याचे जुने दप्तर एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागारात आहे. बंदरातील कामगार, खलाशी आणि कोळी यांच्या बाजूने हा इतिहास लिहिण्यासाठी मराठी अभ्यासकांनी ते अवश्य चाळावे.