2,300 कोटी ओळी आणि एक नोंद

ज्ञानेश्वरांनी आळंदीला समाधी घेतली ते साल 1296. त्या दिवशी कुणी सेकंदाला एक ओळ या वेगानं, न जेवता न झोपता एक यादी वाचायला बसलं असतं, तर ती 2025च्या सुमारास वाचून झाली असती. यादी 2,300 कोटी ओळींची, आणि ओळीत तीनच गोष्टी: वेबसाइट, ईमेल, पासवर्ड. ‘एलियन टेक्स्टबेस’ नावाच्या टेलिग्राम चॅनलवरचा हा चोरीचा माल सुरक्षातज्ज्ञ ट्रॉय हंट यांनी फेब्रुवारी 2025मध्ये, आपला ईमेल चोरीच्या यादीत आहे का हे सांगणाऱ्या आपल्या ‘हॅव आय बीन पोन्ड’ या सेवेत घातला. आकार दीड टेराबाइट, म्हणजे शर्टाच्या खिशात मावेल एवढी हार्ड डिस्क. तेच कागदावर, पानाला 50 ओळी धरून पाठपोट छापलं तर गठ्ठा 23 किलोमीटर उंच होईल. रायपूरच्या वाट्याला, 2011च्या जनगणनेतले दहा लाख धरले तर, माणशी 23 हजार ओळी.

अर्थात असे आकडे पाखडून घ्यावे लागतात. एकच पासवर्ड दहा जागी विकला जातो, तोच पुन्हा नव्या गठ्ठ्यात शिरतो. या यादीत वेगळे ईमेल पत्ते निघाले 28 कोटी 40 लाख. जून 2025मध्ये गाजलेले 1,600 कोटी पासवर्डही असेच, 30 गठ्ठे एकावर एक रचून झालेले. त्यावर केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेनं देशभर सूचना काढली होती. फोलपट उडालं तरी 28 कोटी म्हणजे 2011च्या जनगणनेतल्या सबंध छत्तीसगडच्या अकरा पट.

मला मात्र वेगाचा आकडा जास्त दचकवतो. 16 मार्च ते 16 मे 2025 या दोन महिन्यांत अशा याद्यांसाठी पासवर्ड चोरणाऱ्या ‘लुमा’ या एकाच प्रोग्रामनं 3 लाख 94 हजार विंडोज संगणक गाठल्याचं मायक्रोसॉफ्टनं मोजलं. दर तेरा सेकंदांना एक.

तो एक म्हणजे काय? रायपुरातलं कुठलंही च्वाइस सेंटर, म्हणजे सरकारी कामं ऑनलाइन करून देणारं केंद्र, डोळ्यांपुढे आणा. काउंटरवर एकच संगणक. जातीचा दाखला, शिष्यवृत्तीचा फॉर्म, वीजबिल, सगळं त्याच्यावर. दरवेळी टाइप कोण करणार, म्हणून गिऱ्हाइकांचे पासवर्डही ब्राउझरमध्ये ‘सेव्ह’ केलेले. पोरानं फुकटातलं ‘क्रॅक’ केलेलं फोटोचं सॉफ्टवेअर टाकलं की झालं. क्रोमच्या फोल्डरमधल्या ‘लॉगिन डेटा’ आणि ‘कुकीज’ या दोन फाइली क्षणात बाहेर जातात. त्यातली कुकी जास्त वाईट. आधीच आत शिरलेल्या माणसाचा तो गेटपास; तो दाखवला की अनेक ठिकाणी ओटीपी विचारलाच जात नाही.

फाइली कुलूपबंद असतात, पण किल्ली विंडोजकडे, आणि त्याच वापरकर्त्याच्या नावानं चालणाऱ्या कुठल्याही प्रोग्रामनं मागितली तरी विंडोज ती देत असे. जुलै 2024मध्ये क्रोम 127नं विंडोजवर, आधी कुकींसाठी, मागणारा क्रोमच आहे ना हे तपासायला सुरुवात केली. चोरांनी काही आठवड्यांतच पळवाटा काढल्या.

पण किल्ली मागितल्याची नोंद होऊ शकते. गूगलच्याच इंजिनिअरांनी एप्रिल 2024मध्ये हे उलगडून दाखवलं. विंडोजची 16385 क्रमांकाची नोंद सांगते की क्रोमचं कुलूप उघडायला कुणी सांगितलं. हाती येतो नुसता प्रोसेसचा नंबर. तो घेऊन 4688 क्रमांकाच्या नोंदीत जायचं, तिथे प्रोग्रामचं नाव सापडतं. नाव क्रोमचं असेल तर ठीक. ‘डाउनलोड्स’मधली भलतीच फाइल असेल तर चोर तोच. फाइल कुणी उघडली हे 4663 सांगते, पण तिथे अँटिव्हायरस आणि बॅकअपचाही राबता असतो.

मुळात हे सगळं बंद असतं, मुद्दाम चालू करावं लागतं. चालू केल्यावरही विंडोजचा सिक्युरिटी लॉग सहसा 20 एमबीचा. भरला की जुनं पुसून नवं लिहितो. गडबडीच्या ऑफिसात कालची नोंद आज असेलच असं नाही. म्हणून ती लगेच दुसऱ्या मशीनवर पाठवत राहायची. आणि चोर सापडलाच, तर पासवर्ड त्याच संगणकावर बसून बदलू नयेत. दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून आधी सगळीकडून ‘लॉग आउट’ करायचं, कारण पासवर्ड बदलला तरी कित्येक ठिकाणी जुनी कुकी चालूच राहते.